पाचव्या मजल्यावरचे शनिवार

१

दार उघडलं ते एका अनोळखी बाईनं. तिच्या अंगावर राखाडी गाऊन होता, आणि तो गाऊन कानवाल्या मॅडमच्या चांगल्या ओळखीचा होता. कितीतरी शनिवार तो न्हाणीघराच्या दारामागे लटकलेला त्यांनी पाहिला होता. "बहिणीचा आहे, ती येऊन-जाऊन असते," असं त्यांना सांगितलं गेलं होतं.

"आपण बहीण का?" मॅडमनी विचारलं.

"कोणाची?"

मॅडमनी नाव सांगितलं. बाईनं मान हलवली. या नावाचं इथे कोणी राहत नाही, कधीच राहत नव्हतं. घर तिचं स्वतःचं, राहते एकटीच. नोकरी विमानातली. या खेपेला कंपनीनं तिला प्रशिक्षणासाठी दुसऱ्या देशात पाठवलं होतं आणि बरेच महिने घर बंद होतं. परतून दोनच दिवस झाले होते.

"तुम्ही मजला चुकलात," ती म्हणाली.

मॅडमनी तिच्या खांद्यावरून आत पाहिलं. तोच मोरपिशी सोफा. खिडकीत त्याच कुंड्या. भिंतीवर तेच समुद्राचं चित्र, डावीकडे किंचित कललेलं. मजला चुकलेला नव्हता.

मॅडमची नजर कुठे कुठे फिरतेय हे त्या बाईच्या ध्यानात आलं. तिचा चेहरा बदलला. "थांबा जरा," म्हणून ती आत गेली आणि परत आली तेव्हा तिच्या हातात फिकी निळी ओढणी होती.

"ही माझ्या कपाटात सापडली. माझी नाही. तुमची का?"

मॅडमची मोठी वहिनी नेहमी म्हणे, तुला खोटं बोलायचं म्हटलं की आधी कान लाल होतात. ते आताही झाले असावेत, कारण बाईनं उत्तराची वाट न पाहता दार सताड उघडलं.

"आत या," ती म्हणाली. "आणि माझ्या घरात तुम्ही काय करत होतात ते मला सांगा."

२

कानवाल्या मॅडम म्हणजे उपनगराच्या बाजारपेठेत, चष्म्याच्या दुकानावर जिना चढून गेलं की जो छोटा दवाखाना लागतो, त्याच्या मालकीण. कान तपासायचे, ऐकण्याचं यंत्र बसवायचं, बिघडलं तर दुरुस्त करायचं हे त्यांचं काम. येणारे बहुतेक म्हातारे. त्यातल्या कुणीतरी हे नाव ठेवलं आणि ते चिकटलं.

वय चाळिशीच्या पुढे. घटस्फोट होऊन इतका काळ लोटला होता की पूर्वीच्या नवऱ्याचा आवाजही त्यांना नीट आठवत नसे. आपल्याला वाईट वाटत नाही याचं त्यांना सुरुवातीला आश्चर्य वाटे. मग आश्चर्यही वाटेनासं झालं. सकाळी उठावं, दवाखाना उघडावा, संध्याकाळी बंद करावा, घरी येऊन टीव्ही लावावा आणि त्याच्याकडे पाठ करून भाजी चिरावी, असं सगळं सुरळीत चालू होतं.

वहिनीला हे बघवेना. तिनं एका रविवारी नणंदेचा फोन हातात घेतला, जोडीदार शोधायच्या त्या अॅपवर तिचं खातं उघडलं, फोटो स्वतः निवडला आणि वर दम भरला, "महिन्यातून एकाला तरी भेटायचं. नाहीतर मी आणि तुझा भाऊ सामान घेऊन तुझ्याकडे राहायला येऊ."

मॅडम भेटू लागल्या. एकानं पूर्ण वेळ आपल्या मणक्याबद्दल सांगितलं. दुसरा फोटोतल्या माणसाचा थोरला भाऊ वाटावा असा निघाला. तिसऱ्यानं आईला सोबत आणलं आणि आईला मॅडम आवडल्या, त्याला नाही. मॅडम घरी येऊन वहिनीला अहवाल द्यायच्या, वहिनी पोट धरून हसायची, आणि मॅडम फोन ठेवून अंथरुणावर पडायच्या.

मग मोजणीवाला आला. पन्नाशीला टेकलेला, उंच, चष्मेवाला. रस्त्यांसाठी जमिनी मोजायची आपली नोकरी आहे, सतत फिरती असते, असं त्यानं सांगितलं. बोलणं कमी आणि नीटनेटकं. दोनदा कॉफीच्या दुकानात भेटल्यावर त्यानं घरी बोलावलं. त्यानंतर दर शनिवारी दुपारी मॅडम दवाखाना बंद करून इथे यायच्या.

प्रेम वगैरे मोठा शब्द त्यांनी वापरला नसता. पण हा माणूस बोलायच्या आधी समोर यायचा, कोपराला हलकासा हात लावायचा, आणि मग बोलायचा. खाताना बोलत नसे. घास संपवून, तोंड समोर आणून बोलायचा. आपल्याकडे कुणी इतकं लक्ष देऊन बोलल्याला किती वर्षं झाली, असं मॅडमना वाटायचं. त्याच्या लकबी होत्या. शेजारच्या दाराची घंटा वाजली तरी दाराकडे बघायच्या आधी तो वर दिव्याकडे बघायचा. मॅडमनी चप्पल काढली तरी म्हणायचा, "हळू चाला हं, खालच्यांना त्रास होतो." एकदा बाहेर धो धो पाऊस असताना मॅडम चिंब भिजून आल्या. तो म्हणाला मीही आत्ताच साइटवरून आलो, आणि त्यानं टॉवेल दिला. त्याचे केस कोरडे होते. पायात घरातल्या सपाता होत्या, त्याही कोरड्या.

मागच्या आठवड्यात मात्र त्याचा फोन लागेना. अॅपवरून त्याचं नाव, फोटो, सगळं पुसलं गेलं होतं. मॅडमनी आठवडा जाऊ दिला. रडू आलं नाही. झोपही लागली. दवाखान्यात एका आजोबांच्या डाव्या कानाचं यंत्र त्यांनी उजव्या कानात बसवलं, एवढाच काय तो फरक पडला. आणि आज, शनिवार म्हणून, पाय आपसूक इकडे वळले होते.

हे सगळं त्यांनी विमानवाल्या बाईला सांगितलं. बाईनं पाण्याचा पेला समोर ठेवला. मॅडमनी सवयीनं टीपॉयचा खालचा खण ओढला, बुचाची चकती काढली आणि पेला तिच्यावर ठेवला.

बाई त्या चकतीकडे बघत राहिली.

"मला स्वतःला त्या कुठे ठेवल्यात ते आठवत नव्हतं," ती म्हणाली. "ऐका. तुमची गोष्ट खरी असेलही. पण माझ्या बिछान्यात कोण झोपलं होतं हे कळल्याशिवाय मी या घरात राहू शकत नाही. उद्या सकाळी मी पोलिसांत जाणार आहे. माझ्याकडे एकाच माणसाचं खरं नाव आहे, आणि ते तुमचं आहे. त्या माणसाला आणा, नाहीतर मी ते देईन."

३

मॅडम खाली उतरल्या. पोलिसांचं त्यांना भय वाटलं का, तर तसंही नाही. फक्त डोळ्यांपुढे दवाखान्याचा जिना आला, जिन्यावर दोन गणवेश, आणि बाकावर बसलेले म्हातारे एकमेकांना मोठमोठ्यानं विचारतायत, काय झालं, काय झालं. गावभर कळायला दुसरं काही लागलं नसतं.

फाटकाशी रखवालदार खुर्चीत बसून रेडिओ पुसत होता. मॅडमना बघून उठला. दर शनिवारची ओळख होती.

"पाचव्या मजल्यावर जे गृहस्थ असायचे," मॅडमनी विचारलं, "ते शेवटचे कधी दिसले तुम्हाला?"

"कोण गृहस्थ?"

"ज्यांच्याकडे मी येते ते. उंच, चष्मा आहे, पन्नाशीचे."

रखवालदारानं रेडिओ खाली ठेवला. "मॅडम, तिथे त्या विमानवाल्या ताई राहतात. त्या नव्हत्या. तुम्ही यायच्या, म्हणून मी समजलो घर उघडून हवा द्यायला त्यांनी मैत्रिणीला सांगितलं असेल."

"आणि माझ्याबरोबर कोणी?"

"तुम्ही तर एकट्याच यायच्या," तो म्हणाला. "एकट्याच जायच्या."

मॅडमनी आठवून पाहिलं. ते बरोबर होतं. त्या यायच्या तेव्हा मोजणीवाला आधीच घरात असायचा. निघताना तो लिफ्टपर्यंत येऊन निरोप द्यायचा. फाटकापर्यंत, बसपर्यंत, कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत तो एकदाही सोबत आला नव्हता.

फोन वाजला. वहिनी होती. मॅडमनी थोडक्यात सांगितलं.

वहिनी जपून म्हणाली, "रागावू नकोस. पण त्याचा एखादा फोटो आहे का तुझ्याकडे?"

"त्याला फोटो आवडत नसत."

"आमच्यापैकी कोणी पाहिलाय का त्याला? तूच सांगायचीस, आम्ही ऐकायचो. एकटं राहून राहून माणसाला..." तिनं वाक्य सोडून दिलं.

मॅडमना त्याचंही काही वाटलं नाही. उलट त्यांनी त्या शक्यतेचा शांतपणे विचार केला. पण ओढणी कपाटात आपोआप गेली नव्हती, आणि कुंड्यांतली झाडं इतके महिने पाण्यावाचून जगली नव्हती.

त्यांनी फोन ठेवला आणि रखवालदाराला पुन्हा विचारलं, "तुमच्या नजरेतून कोणी सुटून गेलं असेल का?"

तो जरा दुखावला. "बाहेरचा माणूस असता तर मी त्याला अडवून विचारलं असतं. बाहेरचा एकही माणूस इथून सुटत नाही."

बाहेरचा. मॅडम त्याचे आभार मानून परत लिफ्टकडे वळल्या.

४

"तुमच्या घराच्या किल्ल्या कोणाकोणाकडे असतात?" त्यांनी दारातूनच विचारलं.

विमानवाली बाई तयारीत होती. तिचाही तोच विचार चालू असावा. "एक माझ्या भावाकडे. खरं सांगायचं तर माझा संशय त्याच्यावरच आहे. बायको सोडून गेल्यापासून त्याचे असले उद्योग चालू असतात." तिनं फोनवर फोटो काढून दाखवला. जाडजूड, बुटका, हसरा माणूस. मॅडमनी नकारार्थी मान हलवली. बाईला हायसं वाटलं आणि थोडी निराशाही झाली.

"दुसरी साफसफाईच्या मावशींकडे असायची. पण जाताना मी त्यांना सुट्टी दिली आणि किल्ली काढून घेतली. ती माझ्याबरोबर परदेशात होती."

"आणि तिसरी?"

"तिसरी खालच्या ताईंकडे, बरोबर या घराच्या खाली. झाडांना पाणी घालायला. पण त्यांना मी काल विचारलं. त्या म्हणाल्या किल्ली खिळ्यावरच असते, पाणी घालण्यापुरतीच काढतो. फार साधी माणसं आहेत. दोघंच, नवरा-बायको. काका बायकोला सोडून फारसे कुठे जातही नाहीत."

मॅडम मोरपिशी सोफ्याच्या टोकाशी बसल्या. समोर दाराच्या वर घंटेचा डबा होता, आणि छताला गोल दिवा. त्या डब्याकडून दिव्याकडे आणि दिव्याकडून डब्याकडे बघत राहिल्या. या खोलीत त्यांनी अनेक शनिवार घालवले होते, आणि दवाखान्यात रोज जे दिसतं तेच इथे आपल्या समोर बसलंय हे त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. आलं असेल, तर त्यांनी ते येऊ दिलं नव्हतं.

"एक विचारू?" त्या म्हणाल्या. "त्या खालच्या ताईंना ऐकू येत नाही का?"

विमानवाल्या बाईच्या हातातला फोन मांडीवर पडला.

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

५

"त्यानंच सांगितलं," मॅडम म्हणाल्या. "तोंडानं नाही."

त्या सावकाश बोलत होत्या, जणू एखाद्याला तपासणीचा निकाल समजावून देत असाव्यात.

"रखवालदारानं त्याला इथे येताना कधी पाहिलं नाही, पण बाहेरचा माणूस त्याच्याकडून सुटत नाही. म्हणजे हा बाहेरचा नव्हता. त्या दिवशी पावसात मी भिजले आणि तो कोरडा होता, पायात घरातल्या सपाता. तो साइटवरून आला नव्हता, जिन्यावरून आला होता. निरोप लिफ्टपाशीच द्यायचा, कारण माझ्याबरोबर फाटकात दिसला असता तर रखवालदारानं त्याला नावानं हाक मारली असती. इथवर कोणीही पोचेल. पण या इमारतीत पन्नाशीचे पुरुष बरेच असतील."

"मग?"

"घंटा वाजली की तो दिव्याकडे बघायचा. जिथे कोणाला ऐकू येत नाही त्या घरात घंटेला दिवा जोडतात. कोणी आलं की दिवा लुकलुकतो. असे दिवे मी लोकांना बसवून दिलेत. आणि तो बोलायच्या आधी समोर यायचा, हात लावायचा, तोंड दाखवायचा, तोंडात घास असताना कधीच बोलायचा नाही. ओठ वाचणाऱ्या माणसाबरोबर वर्षानुवर्षं राहिलेली माणसं असं करतात. नव्यानं शिकून इतकं अंगवळणी पडत नाही." त्या थांबल्या. "मला वाटलं होतं ते माझ्यासाठी आहे."

विमानवाल्या बाईनं मांडीवरचा फोन उचलून टीपॉयवर ठेवला. मग म्हणाली, "काका? ते मला अगदी दीनवाणे वाटायचे. लिफ्टमध्येसुद्धा मान वर करत नसत." थोड्या वेळानं तिला आठवलं. "मी येते आहे हे ताईंना मागच्या आठवड्यात कळवलं होतं. झाडांसाठी."

"म्हणूनच त्याचा फोन बंद झाला," मॅडम म्हणाल्या आणि उठल्या. "मला एकटीला जाऊ द्या. तो स्वतः वर येऊन तुम्हाला सांगेल. नाही आला, तर माझं नाव खुशाल द्या."

जिना उतरताना त्यांना आपल्या गुडघ्यांची जाणीव झाली, बाकी कसलीच नाही. खालच्या दाराशी त्या थांबल्या आणि घंटेचं बटण दाबलं. आत काहीही वाजलं नाही. दाराच्या खालच्या फटीतून मात्र उजेड येऊन गेला, पुन्हा आला, पुन्हा गेला.

दार उघडलं. पिकलेल्या केसांची, मॅडमपेक्षा थोडी मोठी असेल अशी बाई उभी होती. तिनं मॅडमच्या चेहऱ्याकडे पाहिलं नाही. आधी पायांकडे पाहिलं, बराच वेळ. मग वर बघून म्हणाली, "या. वर चालणाऱ्या त्या तुम्हीच ना?"

६

बैठकीची खोली वरच्यासारखीच होती, फक्त सामानानं भरलेली. एका भिंतीला काचेच्या कपाटात पेले मांडलेले. ताईंनी मॅडमना उजेडाकडे तोंड करून बसवलं आणि स्वतः समोर बसल्या. बोलणं स्पष्ट होतं, फक्त आवाजाला चढउतार नव्हते.

"तिशीत ताप आला आणि कान गेले," त्या म्हणाल्या. "यंत्राचा उपयोग नाही. नस गेलीय."

"मी तेच काम करते," मॅडम म्हणाल्या, नीट ओठ हलवून.

"ते दिसलं. तुम्ही बरोबर बोलता."

"तुम्हाला माहीत होतं?"

ताईंनी कपाटाकडे बोट केलं. "वर कोणी चाललं की ते पेले हलतात. यांची पावलं मी ओळखते. ते झाडांना पाणी घालायला जातात, जाऊ देत. मग एका शनिवारी दोन माणसं चालायला लागली. दुसरं हलकं होतं."

"मग विचारलं नाहीत?"

"विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं," ताई म्हणाल्या. "ते माझ्याशी खोटं बोलत नाहीत, तोंड माझ्याकडे करून खोटं बोलणं त्यांना जमत नाही. आणि त्यांनी सांगितलं असतं म्हणजे पुढे काय करायचं ते मला ठरवावं लागलं असतं. मला ठरवायचं नव्हतं."

या बाईचा राग यावा, किंवा दया यावी, किंवा हिच्यापुढे आपल्याला शरम वाटावी, असं मॅडमना वाटत होतं. यातलं काहीच आलं नाही. फक्त ही बाई आपल्यासारखीच आहे, एवढं कळलं.

ताईंनी पदर सारखा केला. "एक विचारते. ते तुमच्याशी काय बोलायचे?"

मॅडम गोंधळल्या.

"घरात ते कामापुरतं बोलतात," ताई म्हणाल्या. "समोर यायचं, हळू बोलायचं, मला नाही कळलं तर परत बोलायचं. पूर्वी सगळं सांगायचे. आता दूध आणतो, औषध घेतलंस का, एवढंच. त्यांच्या मनात काय चालतं ते मला माहीत नाही. तुम्हाला माहीत असेल."

"रस्त्यांबद्दल बोलायचे," मॅडम म्हणाल्या. "कुठे कुठे मोजणीला गेले त्याबद्दल. एकदा डोंगरात तंबूत राहावं लागलं, एकदा नदीला पूर आला आणि यंत्र डोक्यावर घेऊन पलीकडे गेले. माणसं कशी भेटली, काय खाल्लं."

ताई ओठ वाचत होत्या. वाचून झाल्यावरही बघत राहिल्या.

"ते कधीच मोजणीला गेले नाहीत," त्या म्हणाल्या. "कचेरीत बसून नकाशे काढायचे. फिरतीची जागा मिळाली होती, त्याच वर्षी माझे कान गेले. त्यांनी ती सोडली. मला म्हणाले, मला कुठे हौस आहे डोंगर चढायची."

कुलपात किल्ली फिरली. ताईंना ते कळलं नाही. मॅडमना कळलं आणि त्यांनी मुद्दाम तिकडे पाहिलं नाही.

मोजणीवाला आत आला. हातात कापडी पिशवी होती. मॅडमना बघून तो जागच्या जागी थबकला. पण त्याचे पाय त्याला न विचारता चालले. तो वळसा घालून बायकोच्या समोर आला, कोपराला हलकासा हात लावला, ती वर बघेपर्यंत थांबला आणि म्हणाला, "दूध मिळालं."

म्हणून झाल्यावर आपण काय केलं ते त्याला कळलं, आणि तो तसाच उभा राहिला.

"पाहुण्या आल्यात," ताई म्हणाल्या.

"मी तुम्हाला सांगणारच होतो," तो म्हणाला. तोंड मॅडमकडे नव्हतं, म्हणून कोणाला म्हणाला ते कळलं नाही.

"मला काही सांगू नका," मॅडम म्हणाल्या. "वर त्या बाई बसल्यात. उद्या त्या पोलिसांत जाणार आहेत आणि माझं नाव देणार आहेत. तुम्ही आत्ता जा आणि त्यांना सगळं सांगा. त्यांची किल्ली त्यांच्या हातात द्या. मी इथे थांबते."

त्यानं बायकोकडे पाहिलं. ताईंनी मॅडमचे ओठ वाचले होते. त्या उठल्या, स्वयंपाकघरात गेल्या, खिळ्यावरची किल्ली काढून आणली आणि त्याच्या तळहातावर ठेवली. तो काही बोलू लागला तेव्हा त्यांनी मान दुसरीकडे फिरवली. आता त्याला कितीही बोलायचं असतं तरी ते ऐकायला कोणी नव्हतं.

तो गेला. जिन्यावर त्याची पावलं मॅडमना ऐकू आली. मग वरचं दार वाजलं आणि काही वेळानं कपाटातले पेले बारीक किणकिणले.

"पोचले," ताई म्हणाल्या.

त्यांनी पिशवीतून दूध काढलं आणि तापायला ठेवलं. मॅडम थांबल्या होत्या. वरून आवाज चढल्याचं ऐकू आलं, विमानवाल्या बाईचा, मग त्याचा अगदी खालच्या पट्टीतला, मग बराच वेळ फक्त तिचा. काय बोलतायत, असं ताईंनी विचारलं नाही. मॅडमनीही सांगितलं नाही. शेवटी जिन्यावर पावलं आली, दोघांची. विमानवाली बाई दारात उभी राहिली. तिचे डोळे लाल होते. तिनं निळी ओढणी मॅडमना दिली आणि म्हणाली, "तुमचं नाव कुठे येणार नाही." मोजणीवाला तिच्या मागे, जिन्यातच राहिला. मॅडम त्याच्या शेजारून गेल्या तेव्हा तो भिंतीला टेकून वाट देत होता.

रस्त्यावर ऊन उतरलं होतं. बसथांब्याच्या बाकावर मॅडम बसल्या तोच वहिनीचा फोन आला.

"काय झालं? सापडला?"

"सापडला."

"म्हणजे खरंच आहे?"

"आहे. खालच्या मजल्यावर राहतो. बायको आहे."

वहिनीनं एक सणसणीत शिवी हासडली. एरवी नणंदेपुढे ती असं बोलत नसे. फोनवर तिच्या स्वयंपाकघरातल्या नळाचा आवाज येत होता.

"ती कशी आहे?" वहिनीनं विचारलं.

"कोण?"

"बायको."

मॅडमनी विचार केला. "बरी आहे," त्या म्हणाल्या आणि एकाएकी पुढचं बोलता येईना. त्यांनी फोन कानापासून दूर धरला. समोर बस आली, दार उघडून थांबली, चालकानं त्यांच्याकडे पाहिलं, आणि निघून गेली.

"ऐकतेयस ना?" फोनमधून लहानसा आवाज आला. "अगं, आहेस ना?"

मॅडमनी फोन परत कानाला लावला. "आहे," त्या म्हणाल्या. "बोलत राहा थोडा वेळ. काहीही बोल."

वहिनी बोलू लागली.